संमतीचा कायदा: एक परीक्षण

कायद्याचें पुस्तक वाङ्मयाच्या कसोटीस लावणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जें लिखाण आपल्या उंबरठ्यापर्यंत येतें, त्याचें परीक्षण वाचकानें कां करूं नये? २०२३ सालचा ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ हें असेंच लिखाण होय. त्याची पार्श्वभूमि थोर आहे: २०१७ सालीं पुट्टस्वामी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें ठरविलें.

कायद्याची भाषा सुटसुटीत आहे. व्यक्तिमात्राचा उल्लेख स्त्रीलिंगी सर्वनामानें केला आहे, ही नवलाई गोड वाटते. माहिती घेण्यापूर्वींची सूचना शिरूरच्या शेतकऱ्यास मराठींतहि मागतां येईल, हा गुण तर मोठाच.

पण दोष गाभ्यांतच आहे. पुण्याची निवड २०१६ सालीं ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या वीस शहरांत झाली. दौंड व शिरूर त्या यादींत नव्हतीं. तरी कामासाठीं पुणें गांठणारा तेथील माणूस शहरच्या कॅमेऱ्यांखालूनच जातो. त्याची संमति कोण विचारतो? राज्यसंस्थेच्या कायदेशीर कामापुरती ती अट कलम ७ शिथिल करतें. आणि कलम १७ अन्वयें, राष्ट्रीय सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था यांसारख्या कारणांसाठीं, केंद्र सरकार आपल्या एखाद्या संस्थेस सबंध कायद्यांतूनच वगळूं शकतें.

व्यापाऱ्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाचा धाक घालणाऱ्या लेखणीनें सत्तेपुढें इतकें नम्र व्हावें, हें खटकतें. कुलूप उत्तम घडलें आहे. किल्ली मात्र घरधन्याच्या हातीं पुरती आलेली नाहीं.