इब्न बतूताचे ताट

प्रवासवर्णनाचा ग्रंथ हाती आला म्हणजे आम्ही त्यातील राजवाडे, मनोरे आणि धबधबे यांची पाने तूर्त बाजूस ठेवतो, आणि ग्रंथकर्ता परक्या मुलखात काय जेवला, कोणाच्या पंक्तीस बसला आणि कोणता घास त्याच्या घशाखाली उतरला नाही, हे आधी शोधू लागतो. ही आमची खोड कित्येकांस हलकी वाटेल. वाङ्मयाची चिकित्सा करणाऱ्याने स्वयंपाकघरात डोकावणे शोभत नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु या खोडीच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो एका जुन्या व नामांकित ग्रंथावर घासून पाहावा, एवढ्यासाठीच हा लेख.

तो ग्रंथ म्हणजे इब्न बतूताचा प्रवासवृत्तांत. हा गृहस्थ १३०४ साली मोरोक्कोतील तांजियर येथे जन्मला, १३२५ साली मक्केच्या यात्रेस म्हणून घराबाहेर पडला, आणि अरबस्तान, इराण, मध्य आशिया, हिंदुस्थान, मालदीव, सिंहलद्वीप, बंगाल, सुमात्रा व चीन असा फिरत चोवीस वर्षांनी मायदेशी परतला. पुढे फेजच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपल्या आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकाने त्यांस ग्रंथरूप दिले. हे काम १३५५ साली पुरे झाले. पॅरिस येथे १८५३ ते १८५८ या काळात अरबी मूळ व फ्रेंच भाषांतर मिळून चार भाग निघाले, तेव्हापासून युरोपात त्याची ख्याती पसरली. हिंदुस्थान, मालदीव व सिंहल यांविषयीच्या भागाचे महदी हुसेन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५३ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाले.

या ग्रंथावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. दमास्कस, मक्का इत्यादी स्थळांची जी भरजरी वर्णने यात आहेत, त्यांतील पुष्कळसा मजकूर बाराव्या शतकातील इब्न जुबैर या प्रवाशाच्या ग्रंथातून उचललेला आहे. लेखनिकाने तो घातला की स्वतः प्रवाशाने, हा वाद निराळा. आमच्या दृष्टीने त्यातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. मशिदीचे खांब किती, दरवाजे किती, हे दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरून घेता येते. इमारत सर्वांस सारखीच दिसते. परंतु एखादे अन्न सलग काही वर्षे खावे लागल्यावर जिभेची काय गत होते, हे उसने आणता येत नाही. इब्न बतूता सांगतो की, होनावरच्या सुलतानाजवळ आपण अकरा महिने होतो व तेवढ्या अवधीत भाकरीचा तुकडा पाहिला नाही. पुढे मालदीव, सिंहल, चोलमंडल व मलबार मिळून तीन वर्षे केवळ भातावर काढली, आणि शेवटी पाण्याच्या घोटाबरोबरच भात गिळावा लागे. हे वाचताना ग्रंथामागचा मनुष्य समोर उभा राहतो. गव्हाच्या मुलखात वाढलेल्या माणसाची ही कुचंबणा कोणा लेखनिकास सुचली असती, असे आम्हांस वाटत नाही.

इब्न बतूता १३३३ साली सिंधुतीरी पोचला, आणि महंमद तुघलकाच्या पदरी त्याने काही वर्षे दिल्लीत काजीपण केले. मुलतानहून दिल्लीकडे येताना मिळालेल्या शाही जेवणाचा क्रम त्याने बारकाईने नोंदला आहे. आधी साखरेचे सरबत, मग पातळ पोळ्या, भाजलेले मांस, तुपातील गोड पदार्थ, खिमा, बदाम, पिस्ते व कांदा भरलेले समोसे, तूपभात व त्यावर कोंबडी, आणि अखेरीस पानसुपारी. परंतु या थाटापेक्षा आम्हांस त्याची एक लहानशी नोंद अधिक मोलाची वाटते. मूग तांदळात शिजवून त्यावर तूप घालून लोक रोज सकाळी खातात व त्यास खिचडी म्हणतात, असे सांगून तो लगेच आपल्या देशबांधवांस समजावतो की, आपल्याकडे जशी हरीरा तशी यांच्याकडे ही. येथे प्रवासी-लेखकाचे खरे काम झाले. परक्या पदार्थास नुसते विचित्र न ठरवता, त्याची आपल्या घरच्या चुलीवरची बहीण कोणती, हे त्याने शोधून काढले. कैरीच्या लोणच्याविषयी लिहितानाही तो मायदेशी मुरवल्या जाणाऱ्या लिंबांची आठवण देतो. उपमा अलंकारासाठी नसून ओळख करून देण्यासाठी असते, हे या साध्या गद्याकडून शिकण्यासारखे आहे.

मराठी वाचकांस या ग्रंथात स्वतःचेही ओझरते दर्शन घडते. १३४२ साली तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबाद व नंदुरबार या मार्गाने खंबायतेस गेला. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे त्याने टिपले आहे. नंदुरबारचे मराठे कारागिरीत निपुण आहेत. तेथील वैद्य, ज्योतिषी व प्रतिष्ठित मंडळी यांचे अन्न भात, भाजीपाला व तिळाचे तेल हे असून प्राण्यांस पीडा देणे त्यांस आवडत नाही, असेही तो लिहितो. सहाशेंहून अधिक वर्षांपूर्वीची ही साक्ष वाचून आनंद होतो, हे आम्ही लपवीत नाही. तथापि टीकाकाराने त्या आनंदात वाहून जाऊ नये. हे प्रतिष्ठितांचे ताट झाले. ज्याने ते तीळ पिकवले त्या कुणब्याच्या भाकरीचा तेथे मागमूस नाही. वकिलाच्या लवाजम्यासह जो मुलूख ओलांडला, त्याची ओळख दोन वाक्यांत आटोपली. जेथे मुक्काम पडला, तेथे मात्र लेखणी रेंगाळली.

होनावरच्या जेवणाचे वर्णन हे याचे उत्तम प्रमाण. तांब्याची चौकी येते, तीवर थाळा ठेवला जातो. रेशमी वस्त्र नेसलेली दासी मोठ्या पळीने भात वाढते, त्यावर तूप घालते, आणि बाजूस मिरी, आले, लिंबू व आंबा यांची लोणची मांडते. घासामागून लोणचे, असा क्रम. तो भात संपला की पुन्हा भात व कोंबडी, मग पुन्हा भात व मासे, मग भाज्या. आणि शेवटी दही आले म्हणजे जेवण पुरे झाले असे समजावे. पावसाळ्यात थंड पाणी बाधते म्हणून वर ऊन पाणी. ज्याने कोकणात वा कारवारकडे पंगत पाहिली आहे, त्यास हा भातामागून भात आणि शेवटचे दही ओळखू येणार नाही काय? याच गावात मुलींच्या तेरा व मुलांच्या तेवीस शाळा आपण पाहिल्या, असेही तो सांगतो. पंक्तीस बसणाऱ्याचे डोळे मिटलेले नसतात, हेच यावरून दिसते. मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. पळीभर भाताची नोंद झाली, पण वाढणाऱ्या दासीविषयी, ती सुंदर होती व रेशीम नेसली होती, याहून अधिक काही त्यास सुचले नाही. तो काळ गुलामगिरीचा होता, हे कारण खरे. पण ग्रंथाची मर्यादा त्यामुळे नाहीशी होत नाही.

मलबारात त्यास दुसऱ्या बाजूचा अनुभव आला. तेथील हिंदू मुसलमान प्रवाशास घरात घेत नसत. आपल्या भांड्यात जेवू घातलेच तर ते भांडे फोडून टाकीत अथवा देऊन टाकीत. जेथे मुसलमानाचे घर नसे, तेथे ते त्याच्यासाठी शिजवून केळीच्या पानावर वाढीत, आणि उरलेले अन्न कुत्र्यापाखरांस जाई. इब्न बतूता हे दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातो. आम्हांस मात्र तेथे थांबावे लागते. फुटलेले भांडे हे लाजिरवाणे खरे. परंतु परधर्मी पांथस्थासाठी चूल पेटवून पानावर भात वाढणारा हातही तोच होता. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी नोंदल्या गेल्या, म्हणून हे वर्णन विश्वासार्ह ठरते.

मालदीवचे प्रकरण आमच्या मते सर्व ग्रंथात श्रेष्ठ. चार तुकडे करून, किंचित शिजवून, ताडपत्राच्या टोपल्यांत धुरावर सुकवलेला तो तांबडा मासा. नारळाचे दूध, तेल व मध. चलनात फिरणाऱ्या कवड्या. हे सारे येथे येते. येथे तो काजी झाला आणि त्याने लग्नेही केली. या बेटांत पत्नी पतीसमवेत जेवत नसे. आपल्या बायकांपैकी काही आग्रहाने जेवावयास बसल्या, काही बसल्याच नाहीत, आणि त्यांस जेवताना आपण कधीही पाहू शकलो नाही, अशी कबुली तो देतो. स्त्रियांनी अंगभर वस्त्र घ्यावे हा त्याचा हुकूमही चालला नाही. काजीचा अधिकार जेथे संपला, तेथे त्या स्त्रियांचे स्वत्व सुरू झाले, असे आम्ही समजतो.

आता चीन. तेथील रेशीम, चिनी मातीची भांडी, कागदी नाणे, प्रवाशांची सुरक्षितता, या सर्वांची तो स्तुती करतो. एका भांड्यात मावेना म्हणून दोन भांड्यांत शिजवावी लागलेली प्रचंड कोंबडीही त्याने सांगितली आहे. परंतु तो देश आपल्यास रुचला नाही, घराबाहेर पडताच नको ते दृष्टीस पडे, म्हणून आपण कामाशिवाय बाहेर पडत नसू, हेही त्याने स्पष्ट केले आहे. बाजारात डुकराचे व कुत्र्याचे मांस विकले जाते, हे पाहून त्याचे मन विटले. खानसा म्हणजे आजचे हांगचौ; तेथील अमीराच्या मेजवानीस मुसलमान आचारी मुद्दाम बोलावले होते. परिणाम असा की, या भागात आश्चर्ये पुष्कळ, परंतु माणसे थोडी. तो उत्तरेस खानबालिकपर्यंत खरोखर गेला की नाही, याविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. त्या वादाचा निकाल ताटावरून लागत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दार लावून बसलेल्या प्रवाशाचे लेखन संशयास जागा देते, एवढे खास.

यावर कोणी म्हणेल, तर मग ज्याचा धर्म वा ज्याची प्रकृती परके अन्न घेऊ देत नाही, त्याने प्रवासवर्णन लिहूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. इब्न बतूताने निषिद्ध मानलेले अन्न होनावरासही खाल्ले नाही. तरी होनावर त्यास उमगले. एखादा पदार्थ नाकारणे निराळे, आणि तो खाणाऱ्याकडे पाठ फिरवणे निराळे. आज आपल्याकडील सहलींच्या जाहिरातींत बँकॉक, बाली वा टोकियो येथेही घरचेच जेवण मिळेल, असे आश्वासन असते. वृद्धांस व शाकाहारी मंडळींस त्याची गरज आहे, हे मान्य. पण परत आल्यावर हीच मंडळी जेव्हा लेखणी हाती घेतात, तेव्हा मंदिरांची उंची व कारंज्यांची संख्या यांखेरीज सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरत नाही, आणि ती उंची तर वाटाड्याच्या पुस्तकातही असते. बाजारात उभे राहून तेथील बाई कोणता पाला निवडते, तो कशात घालते, एवढे विचारण्यास कोणाचाही धर्म आड येत नाही.

चूल पाहिल्याने देश सगळा कळतो, असा आमचा दावा नाही. परंतु जेथे इब्न बतूताने ताट सांगितले, तेथे त्याचा ग्रंथ आजही ताजा आहे. आणि जेथे त्याने दार लावून घेतले, तेथे तो शिळा झाला आहे. आशियाच्या प्रवासास निघणाऱ्या आमच्या लेखकांनी हा ग्रंथ एकवार अवश्य वाचावा, आणि वाचून झाल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी दार उघडे ठेवावे.