सन १८४८ : त्यांचें आणि आमचें

सन १८४८ हें नांव निघालें कीं आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या डोळ्यांपुढें पॅरिस शहर उभें राहतें. कॉलेजांतील वर्गांत गेलीं पंचवीस वर्षें आम्हींही तें तसेंच उभें केलें. फेब्रुवारींत लुई फिलिप राजा गादी सोडून इंग्लंडास पळाला. मार्चांत व्हिएन्नाहून मेटर्निख निघाला, तोही अखेर तेथेंच पोंचला. बर्लिन आणि मिलान येथें रस्त्यांत लढाया झाल्या. जूनमध्यें पॅरिसच्या मजुरांवर त्यांच्याच प्रजासत्ताकानें तोफा डागल्या. आणि डिसेंबरांत त्याच फ्रान्सनें लुई नेपोलियनास मोठ्या बहुमतानें अध्यक्ष निवडलें. वर्ष-दीड वर्षांत युरोपांतील बहुतेक गाद्या पुन्हां स्थिर झाल्या. हा इतिहास वाचकांस पाठ आहे. तो येथें लांबवीत नाहीं.

त्या सनाचें इंग्रजी वाङ्मयही आम्हीं मोठ्या हौसेनें शिकविलें. थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ त्याच वर्षीं पुरी झाली, आणि वर्षाच्या अखेरीस मेकॉलेच्या इंग्लंडच्या इतिहासाचे पहिले दोन भाग बाहेर पडले. सारा युरोप पेटला असतां इंग्लंड शांत कां, तर १६८८ सालीं इंग्रजांच्या पूर्वजांनीं शहाणपणानें आपली क्रांति उरकून घेतली म्हणून, असा त्या ग्रंथाचा सूर आहे. गद्य असें कीं वाचतां वाचतां मान डोलूं लागते. आणि त्याच सालच्या १० एप्रिल रोजीं चार्टिस्टांच्या सभेच्या धास्तीनें लंडनांत हजारों नागरिकांस तात्पुरते शिपाई नेमावें लागलें होतें, हें मान डोलविणाऱ्याच्या ध्यानींही राहत नाहीं.

एके दिवशीं तास संपतांना मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, त्या सालीं आपल्याकडे काय चाललें होतें?” आम्ही बोलून गेलों, “विशेष कांहीं नाहीं.” तें उत्तर आम्हांस अजून बोंचतें.

विशेष कांहीं नाहीं! लंडनच्या त्या सभेपूर्वीं पांचच दिवस, ५ एप्रिल रोजीं, साताऱ्याचे शहाजीराजे निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. त्याच जानेवारींत आलेल्या डलहौसीनें तो दत्तक मानला नाहीं आणि साताऱ्याचें राज्य खालसा करण्याचा आग्रह धरिला. कंपनीच्या डायरेक्टरांनीं पुढें त्यास संमति दिली. पदच्युत प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी त्या वेळीं लंडनांतच होते. धनी आदल्या वर्षीं काशीस वारला, आतां मूळ राज्यही चाललें, तरी हा गृहस्थ १८५३ पर्यंत तेथें दाद मागत राहिला. पॅरिसचा राजा लंडनांत आला त्याचें वर्णन आम्हीं वर्गांत चवीनें केलें. त्याच शहरांत खेटे घालणाऱ्या ह्या वकिलाचें नांवही आमच्या तोंडून कधीं निघालें नाहीं.

वाङ्मय पाहावें तर त्याच मार्चांत मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत ‘लोकहितवादी’ ह्या सहीचीं पत्रें सुरू झालीं. लेखक गोपाळ हरि देशमुख हे अवघे २५ वर्षांचे होते. शतपत्रें म्हणून नांव पडलें, तरी संख्या १०८. तीं वाचावयास गोड नाहींत. एकच मुद्दा पुन्हां पुन्हां येतो, वाक्यें रोखठोक आणि कांहीं ठिकाणीं ओबडधोबड आहेत, आणि अलंकार शोधूनही सांपडावयाचा नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पुढें ‘निबंधमालें’त त्यांवर कोरडे ओढले, निव्वळ गद्याचा सामना म्हटला तर शास्त्रीबोवाच जिंकतात, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु मेकॉले वाचकांस त्यांचे पूर्वज किती शहाणे होते हें सांगत होता, त्याच सालीं गोपाळराव आपल्या वाचकांस, विशेषेंकरून स्वतःच्या ब्राह्मण ज्ञातीस, तुमची विद्या पाठांतरांत मेली आणि तुमच्या विधवा तुमच्या डोळ्यांदेखत कुजत आहेत, असें सुनावीत होते. वाचकाची मर्जी न राखणारें असें गद्य लिहावयास निराळी छाती लागते.

त्यांचा दोषही झांकूं नये. घरच्या व्यंगांवर इतकी तीक्ष्ण असणारी ही नजर कंपनी सरकारपुढें मवाळ होते. इंग्रजांचें राज्य ईश्वरानेंच आम्हांस शिकविण्यासाठीं धाडलें, असें ते मानतात. आणि तें कोणत्या वर्षीं, तर साताऱ्यावर झडप पडली त्या वर्षीं! मात्र लोक शहाणे झाले म्हणजे ते राज्यकारभारांत वांटा मागतील आणि शेवटीं अमेरिकेप्रमाणें स्वतंत्रही होतील, हा विचारही त्याच पत्रांत आढळतो. दोन्ही मतें एकाच लेखणींतून कशीं उतरलीं, ह्याचा उलगडा केवळ भक्तीनें किंवा केवळ निंदेनें होणार नाहीं. ह्या पत्रांचे उतारे निवडणारे बहुधा आपल्या सोयीचें एक मत ठेवून दुसरें गाळतात.

आणि ह्याच वर्षीं पुण्यांत भिडे वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली. जोतीराव २१ वर्षांचे, सावित्रीबाई १७ वर्षांच्या. तो जुना वाडा स्मारकासाठीं डिसेंबर २०२३ मध्यें पाडण्यांत आला. टीकाकारानें तेथें काय पाहावें? त्या सालीं त्या खोल्यांतून एखादा ग्रंथ कांहीं निघाला नाहीं. परंतु सात वर्षांनीं, १८५५ सालीं, फुल्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या १४ वर्षांच्या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या लोकांचा धर्म कोणता, हा प्रश्न ती देवालाच विचारते, आणि तो विचारतांना तिचें एकही वाक्य अडखळत नाहीं. मेकॉलेचे ते दोन भाग आम्हीं विसाव्या वर्षीं वाचले. मुक्तेचीं हीं थोडकीं पानें आमच्या हातीं पडलीं तीं पन्नाशी उलटल्यावर.