औषधांची पेटी आणि प्रवचनाची भाषा : सुझी राइनहार्ट यांच्या तिबेटविषयक ग्रंथातील घर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिबेटच्या सीमेवर जाऊन राहिलेल्या मिशनऱ्यांच्या लेखनाकडे आजवर प्रायः दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. चर्चच्या वर्तुळात हे लेखन त्यागाची आणि हौतात्म्याची गाथा म्हणून वाचले जाते. उत्तरवसाहतवादी अभ्यासक त्यातच 'अन्य' संस्कृतीला हीन लेखणाऱ्या सत्ताभाषेचा पुरावा शोधतात. दोन्ही वाचनांना संहितेत भरपूर आधार सापडतो, हे मान्य करावे लागेल. मात्र लेखिकेचे घर दोन्ही वाचनांतून निसटते. चूल, आजारी शेजारी, नोकर, तान्हे मूल, लोण्याचा चहा आणि भाजलेल्या सातूचे पीठ यांनी भरलेला हा भाग 'वर्णनपर' म्हणून बाजूला सारला जातो. डॉ. सुझी कार्सन राइनहार्ट यांच्या 'विथ द टिबेटन्स इन टेन्ट अँड टेम्पल' (१९०१) या ग्रंथाच्या बाबतीत तर असे करणे ग्रंथाचा गाभाच गमावण्यासारखे आहे.

लेखिकेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जन्म १८६८, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, शिक्षण वैद्यकाचे. १८९४ मध्ये पेट्रस राइनहार्ट या डच गृहस्थाशी त्यांचा विवाह झाला आणि १८९५ मध्ये हे दांपत्य आम्दो प्रदेशातील कुंबुम मठानजीकच्या लुसार या गावी येऊन राहिले. हा प्रदेश आज चीनच्या छिंगहाई प्रांतात मोडतो. गेलुग पंथाचे प्रवर्तक त्सोंगखापा यांचे जन्मस्थान म्हणून कुंबुमची ख्याती आहे. राइनहार्ट दांपत्याच्या पाठीशी कोणत्याही मोठ्या मिशन संस्थेचे बळ नव्हते. चायना इनलँड मिशनने पेट्रसला आधीच दूर केले होते आणि आता त्यांची भिस्त मायदेशातील काही मंडळींच्या देणग्यांवर होती. ही बाब चरित्राच्या तपशिलापुरती नाही, ग्रंथाच्या भाषेशीही तिचा संबंध पोचतो. जो लेखक देणगीदारांना उत्तरदायी असतो त्याला 'अंधार' आणि 'प्रकाश' या शब्दांचा हिशेब द्यावाच लागतो. राइनहार्टबाईही तो देतात, आणि बरेचदा कंटाळा येईल इतक्या सढळपणे देतात.

ग्रंथात भाषेचे दोन स्तर स्पष्ट दिसतात. तिबेटी धर्म, लामांचे अज्ञान, मूर्तिपूजा अशा सामान्य विषयांवर लिहिताना वाक्ये लांबतात, विशेषणे वाढतात आणि व्यक्ती नाहीशा होतात. ही प्रवचनाची भाषा होय. थिऑसफीच्या अनुयायांनी रंगवलेले गूढ 'महात्मे' आपल्याला कुंबुममध्ये कोठेही आढळले नाहीत, असे लेखिका निक्षून सांगतात. त्या ठिकाणी त्यांचा रोखठोकपणा उपयोगी पडतो. परंतु लगेच पुढे त्या संपूर्ण मठपरंपरेला एकाच मापाने मोजू लागतात, तेव्हा तोच रोखठोकपणा आंधळा होतो. दुसरी भाषा घराची आहे. एखादा रोगी दारी येतो, त्याला औषध दिले जाते, तो काही दिवसांनी लोणी घेऊन परत येतो. अशा प्रसंगांत विशेषणे गळून पडतात. माणसाला चेहरा मिळतो, स्वभाव मिळतो. त्याच्या जिभेवरची विनोदबुद्धीही लेखिकेच्या नजरेतून सुटत नाही. तोच लामा प्रवचनाच्या भाषेत 'अंधारात चाचपडणारा' ठरतो आणि घराच्या भाषेत 'आमचा मित्र'. या विसंगतीची जाणीव लेखिकेला असल्याचे दिसत नाही, आणि ग्रंथाच्या विश्वसनीयतेचा मोठा भाग या अजाणतेपणातच आहे.

कुंबुमच्या प्रमुख लामाशी, लेखिका ज्याला मिना फूये म्हणते त्याच्याशी, झालेला स्नेह याची साक्ष देतो. १८९५ मध्ये त्या भागात मुसलमानांचा उठाव झाला. लुसार असुरक्षित बनले, तेव्हा या लामानेच दांपत्याला मठाच्या आवारात आश्रय दिला. एका परधर्मीय स्त्रीला मठात राहू देणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जखमी, भयभीत, घरदार गमावलेल्या लोकांवर उपचार करताना धर्मांतराचा प्रश्न जवळजवळ मागे पडतो. ज्यांना 'उजेडात' आणायला आपण आलो त्यांच्याच छपराखाली आपण सुरक्षित आहोत, ही वस्तुस्थिती लेखिका कोठेही सूत्ररूपाने मांडत नाहीत. तरी त्या प्रकरणांतील प्रत्येक पानावर ती जाणवत राहते. आश्रयदाता आणि आश्रित यांच्या भूमिका उलट झाल्या की प्रवचनाची भाषा कशी अडखळते, हे पाहण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण त्या काळच्या मिशनरी साहित्यात सहसा मिळणार नाही.

पुढे हे कुटुंब तांकार या व्यापारी गावी गेले. मंगोल, तिबेटी, चिनी आणि मुसलमान व्यापाऱ्यांची ती बाजारपेठ. १८९६ मध्ये पेट्रस पेकिंगला गेलेला असताना लेखिका तेथे एकट्या राहिल्या. त्याच सुमारास स्वीडिश प्रवासी स्वेन हेदिन तेथे पोचले. हेदिनसारख्या प्रवाशासाठी तांकार हा नकाशावरचा एक टप्पा होता. राइनहार्टबाईंसाठी तेथे धुण्याचे कपडे, रोग्यांची रांग आणि जळणासाठी याकच्या शेणाच्या गोवऱ्या होत्या. प्रवासवर्णन आणि निवासवर्णन यांतील फरक येथे नेमका हाती येतो. प्रवासी जे 'पाहतो' ते निवासी 'वापरतो'. वापरलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना कुतूहल कमी होते, ओळख वाढते.

३० जून १८९७ रोजी तांकारला त्यांचा मुलगा चार्ल्स जन्मला. या जन्माने ग्रंथाचे केंद्र हलते. मुलाला पाहायला आलेल्या तिबेटी स्त्रियांशी लेखिकेचे नाते डॉक्टर आणि रोगी यांचे राहत नाही. ते आईचे आईशी होते. मात्र मिशनचे उद्दिष्ट सुटलेले नाही. २० मे १८९८ रोजी दांपत्य दहा-अकरा महिन्यांच्या मुलासह ल्हासाच्या दिशेने निघाले. सोबत रहीम नावाचा लडाखी मुसलमान सेवक होता, औषधांची पेटी होती आणि वाटण्यासाठी तिबेटी भाषेतील शुभवर्तमानाच्या प्रती होत्या.

या पेटीकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ग्रंथभर ती लेखिकेचा परवाना आहे. तिच्यामुळेच तंबूचे पडदे आणि मठाचे दरवाजे उघडतात. तिच्यामुळेच परक्या बाईला तिबेटी कुटुंबाच्या चुलीजवळ जागा मिळते. २२ ऑगस्ट १८९८ रोजी, तांग-ला पर्वतरांगेच्या परिसरात, चौदा महिन्यांचाही न झालेला चार्ल्स वाटेतच दगावला. औषधाची पेटीच त्याची शवपेटी झाली. जनावरांनी उकरू नये म्हणून त्या जागेवर मोठा धोंडा ठेवण्यात आला. डॉक्टर आईच्या हातातील जे साधन शेकडो परक्यांच्या उपयोगी पडले, ते स्वतःच्या मुलासाठी केवळ एक लाकडी खोका उरले. लेखिकेने या गोष्टीचे प्रतीक केलेले नाही. तिने पेटी रिकामी केली, मुलाला आत ठेवले, एवढेच सांगितले आहे. एरवी बायबलमधील वचनांचा आधार घेणारी लेखणी येथे कमालीची अचूक होते. ही पाने वाचताना 'प्रतिमा' हा शब्द वापरण्यास संकोच वाटावा, आणि वापरूही नये.

रहीमच्या बाबतीत मात्र ग्रंथ उणा पडतो. मुलाला खेळवणारा, त्याच्या मृत्यूने हेलावलेला हा सेवक लेखिकेला प्रिय आहे, पण त्याचे स्वतःचे बोलणे ग्रंथात फार थोडे येते. नागछुका येथे तिबेटी अधिकाऱ्यांनी दांपत्याला ल्हासाकडे जाण्यास मनाई केली, त्यानंतर रहीमने त्यांचा निरोप घेतला. दांपत्याने परतीची वाट धरली. दरोडेखोरांनी गाठले, वाटाडे पळाले. सप्टेंबरअखेरीस पेट्रस नदीपलीकडच्या तंबूंकडे मदत मागायला गेला आणि पुन्हा दिसला नाही. उरलेला दोन महिन्यांचा प्रवास लेखिकेने परक्या वाटाड्यांसोबत, रिव्हॉल्व्हर जवळ बाळगून, एकटीने केला आणि नोव्हेंबर १८९८ च्या अखेरीस ती ताचिएनलू, म्हणजे आजचे कांगडिंग, येथे पोचली. या प्रकरणांना मिशनरी मंडळींनी शौर्यकथेचा मुलामा दिला. संहिता स्वतः त्यापेक्षा कितीतरी साधी आहे. बाईंना भूक लागते, पाय सुजतात, राग येतो, आणि काही तिबेटी माणसे त्यांना फसवतात तर काही त्यांना वाचवतात.

याच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखे आणखी एक घर भारतातच आहे. लाहौलमधील केलाँग येथे मोरेव्हियन मिशनचे विल्हेल्म व मारिया हायडे हे दांपत्य राहिले. हायडे आणि त्यांचे सहकारी पागेल १८५३ मध्ये मंगोलियाला जाण्याच्या हेतूने निघाले होते. वाट बंद असल्याने १८५६ मध्ये केलाँगचे केंद्र उभे राहिले. तेथे यॅश्के यांनी तिबेटी भाषेचा जो अभ्यास केला त्यातून १८८१ चा प्रसिद्ध शब्दकोश सिद्ध झाला, हे भाषाभ्यासकांना ज्ञात आहे. मारिया हायडे यांनी लाहौली स्त्रियांना विणकामाच्या सुया हाती दिल्या, ही गोष्ट तुलनेने दुर्लक्षित राहिली. लोकरी मोजे विणण्याची कला त्या खोऱ्यात टिकली; ख्रिस्ती झालेल्यांची संख्या मात्र मूठभरच राहिली. केलाँगचे घर चार दशके एका जागी होते, राइनहार्टांचे चार वर्षांत तीन वेळा हलले. म्हणूनच केलाँगच्या लेखनात घर ही संस्था बनते आणि राइनहार्टबाईंच्या ग्रंथात ते ओझ्याच्या जनावरांवर लादलेले सामान राहते. फ्लोरा शेल्टन यांचे बाटांगविषयीचे 'सनशाइन अँड शॅडो ऑन द टिबेटन बॉर्डर' (१९१२) हे पुस्तक दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहे. त्यात मुलींचे बालपण आहे, बाग आहे. पण देणगीदाराला खूश करणारा सूर सहसा सुटत नाही, त्यामुळे राइनहार्टबाईंच्या तोडीची पाने त्यात क्वचितच सापडतात.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोघींचे जन्मवर्ष एकच, १८६८. राइनहार्ट दांपत्य लुसारला पोचले त्याच १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. योगायोगाला याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. 'स्मृतिचित्रे' मध्ये धर्मांतर घरातच घडते. पाणी कोणाच्या हातचे प्यावे हा प्रश्न लक्ष्मीबाईंसाठी धर्मशास्त्राचा तितकाच स्वयंपाकघराचा आहे, आणि त्या प्रश्नाशी त्या स्वतःला हसत हसत झगडतात. राइनहार्टबाईंच्या घरात धर्म बाहेरून आलेला आहे, बदलायचे आहे ते शेजाऱ्याने. लेखिकेला स्वतःकडे पाहून हसता येत नाही. 'स्मृतिचित्रे' ची निर्भर प्रसन्नता या ग्रंथात शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. तरीही शेजाऱ्याच्या चुलीवरचा चहा पिता पिता तिची भाषा हळूहळू बदलत जाते; हा बदल तिच्या हेतूंच्या विरोधात घडतो, हे विसरता कामा नये.

राइनहार्टबाई पुढे पुन्हा तिबेटच्या सीमेवर परतल्या. १९०५ मध्ये त्यांनी जेम्स मॉयेस या मिशनऱ्याशी पुनर्विवाह केला आणि १९०८ मध्ये कॅनडात त्यांचे निधन झाले. तांग-लाच्या परिसरातील त्या धोंड्याखाली पेटी तशीच राहिली.