'आधार' की 'अधःस्तर'? ग्राफीनविषयक एका गोषवाऱ्याच्या निमित्ताने

वाकोल्यास राहणारा पदार्थविज्ञानाचा एक विद्यार्थी काही दिवसांपूर्वी आपल्या अभ्यासविषयाचा मराठी गोषवारा तपासून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आला. लेसरच्या अतिजलद स्पंदाने ग्राफीनमधील इलेक्ट्रॉन उद्दीपित झाले असता ते पूर्वस्थितीस येण्याच्या क्रियेवर 'सबस्ट्रेट'चा परिणाम काय होतो, हा त्याचा विषय. 'सबस्ट्रेट'साठी त्याने सर्वत्र 'आधार' हा शब्द योजिला होता. शब्द सोपा आणि रुळलेला आहे; तथापि येथे तो दिशाभूल करणारा आहे, असे आमचे मत झाले. त्याची कारणे देण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी पापुद्रा. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोवोसेलोव्ह ह्यांनी तो हाताळून दाखविला, तोही सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असलेल्या चकतीवर ठेवूनच. एका अणूच्या जाडीचा हा पापुद्रा दृश्य प्रकाशाचा सुमारे २.३ टक्के भाग शोषून घेतो. तापलेले इलेक्ट्रॉन शंभरेक फेम्टोसेकंदांच्या आत ऊर्जा आपसांत वाटून घेतात आणि पुढील काही पिकोसेकंदांत निवतात. (सेकंदाचे एक लक्ष कोटी भाग केले असता एक भाग म्हणजे पिकोसेकंद, फेम्टोसेकंद त्याचाही सहस्रांश.)

ही ऊर्जा जाते कोठे? ग्राफीनच्या जालकाची जी कंपने ती त्वरेने स्वीकारतात, त्यांस प्रत्येक वेळी सुमारे १६० ते २०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढा मोठा घास लागतो. त्याहून कमी ऊर्जेच्या ध्वानिक कंपनांचा मार्ग शुद्ध ग्राफीनमध्ये फार मंद. येथे खालच्या पदार्थाचा हात लागतो. सिलिकॉन डायऑक्साइडच्या पृष्ठभागावरील कंपनांचे विद्युत्क्षेत्र पृष्ठभागाबाहेरही पसरते, आणि त्यांतील एक कंपन केवळ ६० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनास ग्राफीन न सोडताच खालच्या पदार्थाला ऊर्जा देता येते. शिवाय त्या पृष्ठभागामुळे ग्राफीनमध्ये जी अव्यवस्था शिरते, ती मंद असलेला ध्वानिक मार्गही मोकळा करते. हे विवेचन २०१२ साली साँग, रेझर व लेव्हिटोव्ह ह्यांनी मांडले व पुढच्याच वर्षी प्रयोगांनी त्यास दुजोरा मिळाला. २०१० पासून षट्कोनी बोरॉन नायट्राइडचा वापर सुरू झाला, तो निर्मळ आणि निरुपद्रवी बैठक म्हणून. परंतु आपल्या विशिष्ट कंपनांच्या द्वारे हा पदार्थही पिकोसेकंदांत ग्राफीनची उष्णता ओढून घेतो, असे २०१८ साली दिसून आले.

आधार देणारा सोसतो, करीत नाही. खांब छपराचा आधार असतो, म्हणून छपराची ऊब त्याच्यात उतरते असे कोणी म्हणत नाही. 'आधार' ह्या शब्दाने संशोधनाचा विषयच वाक्यातून वगळला जातो.

भाषाशास्त्रात ह्याच अर्थकुळातील संज्ञा एकोणिसाव्या शतकात आस्कोली ह्या इटालियन पंडिताने रूढ केली. आपण तीस अधःस्तर म्हणतो. झाकली गेलेली भाषा वरच्या भाषेत काम करीत राहते, हा तिचा आशय. मराठीतील 'आम्ही' व 'आपण' हा भेद द्राविडी अधःस्तराकडे बोट दाखवितो असे पुष्कळांनी मानले. १९७१ साली साउथवर्थ ह्यांनी तर मराठीच्या घडणीचाच ह्या दृष्टीने विचार केला. ग्राफीनच्या संदर्भातही 'अधःस्तर' हाच शब्द योजावा, अशी सूचना आम्ही केली.

परंतु दोन अडचणी उरतात. आजकाल ग्राफीन बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये दाबून ठेवितात. मग वरच्या थरास 'अधः' कसे म्हणावे? वाकोला-कालिना भागातील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या मराठीचे उदाहरण घ्या. साष्टीवर १५३४ पासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांची भाषा वरून आली, खालून नव्हे. तिला आपण अधिस्तर म्हणतो. वरच्या थरास तोच शब्द चालेल.

दुसरी अडचण शब्दाची नसून प्रमाणाची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. २०२१ साली अधांतरी ताणलेल्या, तसेच टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये वेष्टिलेल्या उत्तम प्रतीच्या ग्राफीनवर प्रयोग झाले. अधःस्तराचे ते मार्ग तेथे जवळजवळ बंद होते; तरीही इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांतच निवले. कारण ग्राफीनची स्वतःची कंपने. म्हणजे निवण्याचे सारे श्रेय अधःस्तरास देता येत नाही. आमच्या शास्त्रात अशी घाई नित्य होते : मराठीत काही संस्कृताहून निराळे आढळले, की ते द्राविडी! पदार्थवैज्ञानिकास पापुद्रा अधांतरी टांगून पाहता येतो. अधःस्तराविना मराठी आम्हांस कोठून मिळणार?

राहता राहिला 'रिलॅक्सेशन'. त्यासाठी योजिलेला 'विश्रांती' हा शब्द आम्ही खोडला. पहिल्या शंभर फेम्टोसेकंदांत इलेक्ट्रॉन विश्रांती घेत नाहीत, एकमेकांवर आदळत असतात. त्या टप्प्यास 'ऊर्जावाटप' आणि नंतरच्यास 'निवणे' असे दोन शब्द लागतील. अधःस्तराचा प्रभाव मुख्यतः दुसऱ्या टप्प्यावर पडतो, हेही मग वाचकास न सांगता दिसेल.