चोच पटते, अंडे अडते

डूगल डिक्सन यांचे 'आफ्टर मॅन' १९८१ साली प्रसिद्ध झाले. माणूस नाहीसा झाल्यावर ५ कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, याची ही सचित्र कल्पना. त्यात देवमासे संपले आहेत आणि त्यांच्या जागी पेंग्विनचा एक वंशज आहे : 'व्होर्टेक्स', लांबी १२ मीटर, समुद्रातले प्लवक चोचीने गाळून खाणारा. हा प्राणी कितपत पटतो, एवढाच प्रश्न मी येथे घेतो.

चोच पटते. त्यासाठी समुद्र गाठायला नको. सांगोल्यासारख्या अवर्षणी तालुक्यातल्या माणसालाही आपल्याच जिल्ह्यात, उजनी जलाशयावर पुरावा मिळतो. तिथे येणारा रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी करतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे हलवत पाणी आत घेतो, बाहेर टाकतो. चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत अन्न अडकते. दात नसलेल्या देवमाशांच्या तोंडातली झालरही हेच काम करते.

अडते ते अंडे. पेंग्विन कितीही पोहला तरी अंड्यासाठी त्याला पाण्याबाहेर यावेच लागते. सम्राट पेंग्विन तर घरटेही करत नाही, अंडे पायांवर घेऊन बर्फावर सुमारे दोन महिने उभा राहतो. १२ मीटरच्या देहाला हे कसे जमावे? म्हणून डिक्सन अंडे फुटण्याच्या वेळेपर्यंत पोटातच ठेवतात. शास्त्रीय नावातच 'व्हिविपेरा', पिल्ले देणारा. सरडे-सापांत असे अनेकदा घडले, प्राचीन इक्थिओसॉरही पाण्यातच वीत. पक्ष्यांच्या आजच्या सुमारे ११ हजार जातींत मात्र एकही नाही. कठीण कवचातल्या गर्भाला हवा कवचाच्या छिद्रांतून मिळते. पोटात ती कुठून येणार? चित्रात ही अडचण दिसत नाही, आणि वाचक चित्र पाहून पान उलटतो.

तरीही हा प्राणी मला मोलाचा वाटतो. नारळीकरांच्या 'कृष्णविवर'पासून (१९७४) आपल्या विज्ञानकथेत आकाश पुष्कळ आले. अंड्यापर्यंत विचार करून घडवलेला प्राणी विरळा.

देवमासे संपतील ही १९८१ मधली भीती निराधार नव्हती. व्यापारी शिकारबंदीचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२ मध्ये झाला, अंमल १९८६ पासून. दक्षिण समुद्रातले कुबडे देवमासे त्यानंतर पुन्हा वाढले. व्होर्टेक्सची जागा तूर्त रिकामी नाही.