पुन्हा पुन्हा सुरू होणारी सर्व्हिस: शेवटची ओळ वाचून फसू नका

लिनक्सवर सॉकेटने सुरू होणारी सर्व्हिस सारखी पडते, उठते आणि शेवटी लॉगमध्ये एक ओळ येते: 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. सिस्टम-डीच्या या संदेशावर माझा आक्षेप आहे. तो खोटा नाही. पण तो परिणाम सांगतो आणि आपण त्यालाच कारण समजून बसतो.

मीही फसलो. डीफॉल्ट मर्यादा 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होण्याची असते. ती मी काढूनच टाकली. सकाळी लॉग भरलेला, आणि सेन्सरची एकही नोंद नाही! रात्रीचा डेटा गेला तो गेलाच.

आता यंत्रणा बघा. इथे पोर्टवर कान लावून बसते ती सिस्टम-डी, तुमचा प्रोग्राम नव्हे. कनेक्शन आलं की ती सर्व्हिस सुरू करते आणि उघडं सॉकेट फाइल डिस्क्रिप्टर 3 म्हणून तिच्याकडे सोपवते. प्रोग्रामने ते न घेता स्वतःच तो पोर्ट उघडायला घेतला, तर 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत तो बंद पडतो. कनेक्शन रांगेत तसंच राहतं. सिस्टम-डीला ते दिसतं, ती पुन्हा सर्व्हिस सुरू करते. झालं चक्र सुरू.

गंमत म्हणजे युनिट फाइलमध्ये 'रीस्टार्ट'ची ओळ नसली तरी हे होतं. म्हणून आधी विचारा: सुरू कोण करतंय? जर्नलमध्ये 'शेड्यूल्ड रीस्टार्ट जॉब' दिसलं तर रीस्टार्टचा नियम. नाही दिसलं तर संशय सॉकेटवर. तपासताना सर्व्हिसबरोबर सॉकेट युनिटही थांबवा, आणि शेवटची नाही, पहिल्या अपयशाची नोंद वाचा. दुरुस्तीनंतर 'रीसेट-फेल्ड' करून सॉकेट पुन्हा सुरू करा. मर्यादा ओलांडली की तेही फेल झालेलं असतं.

मर्यादेच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ती चक्र तोडते, मशीन वाचवते. माझी तक्रार एवढीच, की त्या ओळीने पहिल्या अपयशाकडे बोट दाखवायला हवं होतं. ते ती करत नाही, तोवर ते काम तुमचं. संशोधनातही सगळ्यात ठळक दिसणारी नोंद बऱ्याचदा साखळीचं शेवटचं टोक असते. पहिलं टोक शोधा.