गोरोबांचे थापटणे

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी पाटणला घरी आला. तो जहाजावर नोकरीला आहे. फराळाचे ताट पुढे येताच त्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि म्हणाला, "गुरुजी, पुस्तकांची परीक्षणे पुष्कळ लिहिलीत, आता हिचे लिहा." ती मातीची चहादाणी होती, चीनमधल्या यीशिंगची. तळहातावर मावेल एवढी, रंग पिकल्या जांभळाचा.

यीशिंग हे जिआंग्सू प्रांतातले, ताय सरोवराच्या पश्चिमेचे शहर. तिथल्या मातीला 'जांभळी वाळू' म्हणतात. मिंग राजवटीपासून तिच्या चहादाण्या घडत आल्या आहेत. त्यांना झिलई देत नाहीत. मातीचे अंग उघडेच ठेवतात.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एवढी गोल वस्तू, पण ती चाकावरची नव्हे! आत चाकाची वळी दिसत नाहीत; मुठीच्या मागे सांध्याची पुसट रेघ तेवढी आहे. तिथला कारागीर लाकडी मोगरीने माती थापून तिची पट्टी करतो, ती उभी गुंडाळून सांधतो आणि चपट्या फळीने हलके थापटत तिला पोट आणतो. विद्यार्थ्याने हे वर्णन केले आणि मला कोयनाकाठचा आमचा कुंभार आठवला. तोही घागर चाकावरून उतरवली की आतून गोटा धरतो आणि बाहेरून थापटणे चालवतो. घागरीला गोलाई येते ती त्या थापटण्याने.

थापटणे म्हटले की तेरचे गोरोबाकाका आलेच. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे-पक्के पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, अशी कथा आहे. टीकाकाराला याहून चांगले हत्यार मला ठाऊक नाही. तेच मी चालवले.

पहिला ठोका तोटीवर. पाणी ओतले, धार अखंड पडली आणि थांबवल्यावर एक थेंबही तोटीखाली ओघळला नाही. झाकणावरच्या बारीक छिद्रावर बोट दाबले, तर धार जागीच थांबली. भट्टीत माती आटते. दोन वेगळे भाग आटूनही वारा जाऊ नये इतके जुळावेत, याला हात जन्मभर मुरावा लागतो. इथे वस्तू पक्की.

दुसरा ठोका झाकणाच्या गुंडीवर. ती फुललेल्या फांदीसारखी केली आहे. दिसायला सुरेख, पण चहा गरम असताना तिचे टोक बोटाला टोचते. इथे कारागीर डोळ्याला भुलला आणि हाताला विसरला. कादंबरीकार स्वतःच्याच वाक्यावर लुब्ध झाला की असेच होते. हे मी अनुभवाने सांगतो. इथे वस्तू कच्ची.

तिसरी गोष्ट तिच्या स्वभावाची. उघडी माती चहाचा वास धरून ठेवते, म्हणून जाणकार एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात. आमचा दुधाआल्याचा उकळलेला चहा तिला मानवणार नाही. सौभाग्यवतींनी ती कपाटात ठेवली. हा दोष मात्र चहादाणीचा नव्हे.

तळाशी कारागिराचा शिक्का आहे. तिथे ही रीतच. गू जिंगझोउ (१९१५–१९९६) यांच्यासारख्या कारागिरांची नावे आपल्याकडच्या गवयांसारखी घेतली जातात. तो शिक्का मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतो. त्याच संध्याकाळी बाजारात पणत्या घ्यायला गेलो आणि सवयीने कुंभारणीशी घासाघीस केली. डझनामागे दहा रुपये सुटले. घरी येऊन एक पणती उलटी केली. शिक्का नव्हता, ओल्या मातीत उमटलेला अंगठा होता.

मग मला माझी तुलनाच खोटी वाटली. चहादाणी पाझरली तर ती वाया गेली. माठ पाझरला नाही तर पाणी गार होणार नाही. यीशिंगची भट्टी हजार अंशांच्या पुढे तापते, आमचा आवा त्याहून पुष्कळ मंद. म्हणूनच एकीचे अंग मिटते आणि दुसऱ्याचे मोकळे राहते. ज्याचे त्याचे काम वेगळे, पण दोघेही आपापल्या कामाला पक्के. गोरोबाकाका त्या दिवशी आमच्या ओटीवर असते, तर थापटणे माझ्या डोक्यावर पडले असते, आणि निकाल काय लागला असता तेही मला ठाऊक आहे.

यंदा पणत्यांना सांगितली ती किंमत दिली. चहादाणीही कपाटातून बाहेर काढली आहे. रात्री वह्या तपासताना मी तिच्यातून कोरा चहा घेतो. गुंडी अजून टोचते.